लिलीचं तळं: आधी काय, नंतर काय आणि वर्षभर काय

घरी लावलेली वॉटर लिली दोन महिन्यांत का गेली, याची चौकशी केली की बहुतेक वेळा एकच उत्तर निघतं: पाणी हिरवं झालं म्हणून दर आठवड्याला ते बदललं. दुसरं उत्तर असतं, कंद मातीत खोल पुरला. आणि तिसरं, टब भरला त्याच दिवशी माती, कंद, मासे सगळं एकदम घातलं.

लिली नाजूक नाही. गावतळ्यात, भाताच्या खाचरात, कुणी न बघता ती फुलते. घरी ती मरते ती कामांचा क्रम चुकल्याने आणि अति निगराणीने. म्हणून खालचे टप्पे क्रमानेच घ्या. एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला, विशेषतः थांबण्याचा, तरी गाळू नका.

## टप्पा १: ऊन बघा, मग जागा ठरवा

लिलीला रोज किमान ५ ते ६ तास थेट ऊन लागतं. उजेड वेगळा, ऊन वेगळं. ४ तासांच्या उन्हात पानं येतील, फुलं तुरळक येतील. पश्चिमेच्या बाल्कनीत दुपारी २ नंतरचंच ऊन मिळत असेल तर लिलीचा नाद सोडून दुसरं काही लावा, हे आधीच सांगितलेलं बरं.

जागा पक्की करण्यापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ८ पासून दर तासाला तिथे सावली कुठे पडते ते बघा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात उन्हात असलेली जागा हिवाळ्यात शेजारच्या इमारतीच्या सावलीत जाते. झाडाखालची जागा टाळा. ऊन अडतंच, शिवाय पानगळीचा सगळा कचरा पाण्यात कुजतो.

गच्चीवर ठेवणार असाल तर वजनाचा हिशोब करा. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. ५०० लिटरचा टब माती-विटांसकट अर्ध्या टनाच्या वर जातो. असा टब स्लॅबच्या मधोमध नको, खाली भिंत किंवा बीम असेल तिथे ठेवा, आणि शंका असेल तर इंजिनिअरला विचारा.

सावधान: घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर दीड फूट पाणीही जीवघेणं आहे. तळ्यावर घट्ट बसणारी जाळी हवी, आणि ती पहिल्या दिवसापासून हवी.

## टप्पा २: टब की खड्डा

पहिलीच वेळ असेल तर टब घ्या. ६० सेंटिमीटर व्यासाचा आणि ४० सेंटिमीटर उंचीचा टब साधारण ११० लिटर पाणी धरतो. एका मध्यम लिलीला तेवढं पुरतं. त्याहून लहान बादलीत दुपारी पाणी तापतं आणि रात्री गार पडतं, मासे टिकत नाहीत. काळ्या टबाला बाहेरून पांढरा रंग द्या किंवा गोणपाट गुंडाळा. विदर्भ-मराठवाड्यात हे ऐच्छिक नाही.

अंगणात खड्डा खणणार असाल तर तो २ फूट खोल पुरे. एका कडेला १ फुटावर पायरी ठेवा. तळाशी आणि भिंतींवर टोकदार दगड, मुळं काही राहू देऊ नका. वर दोन इंच वाळू, त्यावर जुनी गोणपाटं किंवा फाटकी सतरंजी, आणि मग प्लास्टिकचा कागद. शेततळ्यासाठी मिळतो तो ५०० मायक्रॉनचा कागद यासाठी उत्तम. ताडपत्री वापरू नका, उन्हाने एक-दोन वर्षांत तिच्या चिंध्या होतात.

कागद किती घ्यायचा? लांबी + दोनदा खोली + कडेला सोडायचे २ फूट. रुंदीचंही तसंच. म्हणजे ६ बाय ४ फुटांचा, २ फूट खोल खड्डा असेल तर १२ बाय १० फुटांचा कागद लागतो. हा हिशोब न करता खड्ड्याच्या मापाचाच कागद आणणारे बरेच असतात.

काठाची पातळी गवंड्याच्या पारदर्शक नळीने तपासा. डोळ्याला सपाट दिसणारा काठ पाणी भरल्यावर एका बाजूने तीन इंच उघडा पडतो. काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन इंच वर असू द्या, नाहीतर पहिल्याच वळवाच्या पावसात बागेतली माती आणि खत वाहून तळ्यात येईल.

सिमेंटचा हौद असेल तर आणखी एक काम आहे. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाणी फार अल्कधर्मी होतं. हौद भरा, आठवडाभर ठेवा, रिकामा करा, ब्रशने घासा, पुन्हा भरा. असं निदान तीन-चारदा. शोभेचे मासे पाळणारे यात केळीच्या खांबाचे तुकडे टाकून ठेवतात आणि कुजले की पाण्यासकट काढून टाकतात. घाई असेल तर हौदाला आतून कागद लावा आणि मोकळे व्हा.

तपासा: पाणी भरून तीन दिवस थांबा. काठावर पेन्सिलने खूण करून ठेवा. उन्हाळ्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडून जाणं चालतं. त्याहून बरंच जास्त उतरत असेल तर गळती आहे, आणि ती आत्ताच शोधायची.

## टप्पा ३: पाणी मुरू द्या

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. उघड्या टबात एक-दोन दिवस ऊन लागलं की ते उडून जातं. बोअरचं पाणी जड असतं; साबणाला फेस येत नसेल, बादलीवर पांढरे डाग पडत असतील तर ते जड समजा. लिली ते सहन करते, पण क्षार साठत जातात. शक्य असेल तर अर्धं पाणी पावसाचं किंवा नळाचं घ्या.

पाणी भरल्यावर आठवडाभर काहीही घालू नका. या काळात कंद आणून ठेवला असेल तर तो ओल्या फडक्यात न गुंडाळता पाण्याने भरलेल्या भांड्यात, सावलीत ठेवा.

## टप्पा ४: कंद घेताना काय बघायचं

नर्सरीत ‘कमळ’ म्हणून दोन वेगवेगळी झाडं विकली जातात. पान बघा. पानाला देठापर्यंत गेलेली चीर असेल आणि ते पाण्यावर पसरलेलं असेल तर ती लिली. पान पूर्ण गोल, बिनचिरेचं, पाण्यावर उंच उभं राहणारं आणि पाण्याचा थेंब घरंगळून जाणारं असेल तर ते खरं कमळ. कमळाला जास्त मोठं भांडं लागतं, त्याचे कंद पळत जातात आणि लावणीही वेगळी असते. हा लेख लिलीचा आहे.

लिलीत पुन्हा दोन घराणी. उष्ण प्रदेशातल्या लिलींना गाठीसारखा गोलसर कंद असतो, पानाच्या कडा दातेरी किंवा नागमोडी, फुलं पाण्यावर वीतभर उंच. आपल्याकडची निळी दिवसा फुलणारी निम्फिया नौचाली आणि लाल, रात्री उमलणारी निम्फिया रुब्रा या त्यातल्या. दुसरं घराणं थंडी सोसणाऱ्या लिलींचं, ज्यांना रोपवाटिकांत ‘हार्डी’ म्हणतात. त्यांचा कंद आल्यासारखा आडवा वाढतो, पानाची कड गुळगुळीत, फुलं बहुधा पाण्यालगत. थायलंडची वनविसा यातली. कोणती घेता यावर लावणीची पद्धत ठरते, म्हणून विकणाऱ्याला विचारूनच घ्या.

छोट्या टबासाठी आणि पहिल्या खेपेला मी डॉबेन ही उष्ण प्रदेशातल्या घराण्यातली लिली सुचवेन. पानाच्या नाभीवर, म्हणजे देठ जोडला जातो तिथे, तिला पिल्लं म्हणजे छोटी रोपं येतात, एक झाड आणलं की वर्षात शेजारीपाजारी वाटता येतात.

कंद हातात घेऊन अंगठ्याने दाबा. घट्ट हवा. पिचपिचीत, काळपट किंवा नाल्यासारखा वास येणारा कंद फुकट मिळाला तरी नको. कोंब जिवंत हवा. मोठी पानं असली-नसली तरी चालतं. वाटेत ती पिवळी पडतातच.

सावधान: ऑनलाइन मिळणारं ‘निळ्या कमळाचं बी’ घेऊ नका. खऱ्या कमळात निळा रंगच नसतो; गुलाबी, पांढरा आणि अमेरिकेतल्या जातीत पिवळा. निळी असते ती लिली, आणि ती कंदाने किंवा पिल्लाने लावतात.

## टप्पा ५: माती आणि भांडं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण कुंडीतल्या झाडांच्या सवयी आपण इथे आणतो. कोकोपीट नको, ते तरंगतं. पॉटिंग मिक्स नको, ते कुजतं. ताजं शेणखत तर मुळीच नको: पाण्याखाली ते सडतं, वायूचे बुडबुडे निघतात आणि कंद त्यातच बसून सडतो.

हवी ती साधी, जड, चिकण माती. काळी माती, पोयटा, तळ्यातला वाळलेला गाळ, कोकणात लाल मातीत थोडी चिकणमाती. ओली करून तिची पेन्सिलइतकी जाड वळी वळा आणि बोटाभोवती गुंडाळा. वळी न तुटता कडं झालं तर माती योग्य. मधेच भेगा पडून तुकडे झाले तर माती रेताड आहे, त्यात तिसरा हिस्सा काळी माती मिसळा. शेतातली माती आणत असाल तर नुकतीच तणनाशकाची फवारणी झालेली नाही ना, विचारून घ्या.

भांडं रुंद आणि उथळ असावं. बांधकामावरचं प्लास्टिकचं घमेलं यासाठी तयार केल्यासारखं आहे: १४-१५ इंच रुंद, ५-६ इंच खोल, तळाला भोक नाही. भोकाच्या कुंडीतून माती आणि खत पाण्यात उतरतं आणि पाणी हिरवं होतं. टबाच्या तळाशी सरळ माती पसरून त्यात लिली लावणं हा प्रकारही टाळा. पुढे कंद वेगळा करायचा झाला तर अख्खा टब उपसावा लागतो.

घमेल्याच्या तळाशी दोन मुठी पूर्ण कुजलेलं गांडूळखत, त्यावर काठाला एक-दीड इंच कमी राहील इतकी माती. खत वर येता कामा नये. आता पाणी ओतून हाताने चिखल मळा, खडे-मुळं काढा, आणि रात्रभर ठेवा. सकाळी माती बसलेली असेल. तेवढीच भर घाला.

## टप्पा ६: लावणी

कंद वाहत्या पाण्याखाली धुवा. जुनी काळी, पोकळ मुळं कात्रीने काढा. सडका भाग दिसला तर पांढरं, निरोगी गर दिसेपर्यंत धारदार सुरीने कापा आणि कापलेल्या जागी हळद किंवा दालचिनीची पूड लावून अर्धा तास ठेवा. मोठी पिवळी पानं काढून टाका, दोन-तीन कोवळी ठेवा.

उष्ण प्रदेशातल्या लिलीचा गोल कंद घमेल्याच्या मधोमध लावायचा. बोटाने खळगा करा, कंद ठेवा, मुळं पसरा, माती दाबा. कोंब मातीच्या पातळीवर उघडा राहिला पाहिजे.

हार्डी लिलीचा आडवा कंद मात्र घमेल्याच्या कडेला. मागचं कापलेलं टोक भिंतीला टेकवा, वाढतं टोक मधल्या बाजूला, आणि कंद जरा तिरका ठेवा म्हणजे कोंब वर राहतो. तो पुढे पुढे सरकत वाढतो, म्हणून समोरची जागा मोकळी लागते. मधोमध लावलात तर तो सहा महिन्यांत काठाला जाऊन धडकेल.

पिल्लू लावत असाल तर ते मुळ्यांसकट चिखलात हलकेच दाबा आणि शेजारी एक गोटा ठेवा, नाहीतर तरंगून वर येतं.

आता मातीवर धुतलेली जाड वाळू किंवा बारीक गोटे, इंचभर. कोंबाभोवती मात्र दोन बोटं जागा मोकळी सोडा. वाळूमुळे माती ढवळली जात नाही आणि मासे उकरत नाहीत.

तपासा: वरून बघा. कोंब दिसतो? तर पुढे जा. दिसत नसेल तर आत्ताच माती बाजूला करा. पुरलेला कोंब सडण्याचं प्रमाण फार असतं, आणि आपल्याला कळतं ते तीन आठवड्यांनी, पाणी ढवळून वास आला की.

## टप्पा ७: घमेलं पाण्यात उतरवणं

घमेलं तिरकं करून, सावकाश, एका बाजूने पाणी आत शिरू देत उतरवा. एकदम सपाट सोडलंत तर मातीतली हवा उसळी मारते आणि कंद वर येतो.

लगेच तळाशी ठेवू नका. पहिल्यांदा कोंबावर ४ ते ६ इंच पाणी राहील असं भाजक्या विटांवर ठेवा. नवे सिमेंटचे ब्लॉक वापरू नका, पुन्हा चुन्याचा प्रश्न येतो. टबात एक आडवी वीट पुरते. २ फुटी तळ्यात तीन-चार थर किंवा ती १ फुटावरची पायरी. तीन-चार नवी पानं पाण्यावर पसरली की एक वीट काढा. आठवड्याने आणखी एक. बहुतेक लिलींना शेवटी कोंबावर ८ ते १८ इंच पाणी चालतं.

पहिल्याच दिवशी दीड फूट खाली ठेवलेला कंद पान वर पाठवण्यातच साठवलेली सगळी शिदोरी संपवतो.

कारंजं लावायची हौस असेल तर ते लिलीपासून लांब. पानांवर सतत पडणारं पाणी आणि हलतं पाणी तिला मानवत नाही. पंप असेल तर त्याच्या जोडणीला गळती-संरक्षक स्विच बसवल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

## टप्पा ८: पाणी हिरवं होईल. हात लावू नका

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाणी वाटाण्याच्या सूपासारखं हिरवं होतं. लोक इथे हरतात.

असं का होतं? नव्या पाण्यात मातीतून उतरलेली अन्नद्रव्यं भरपूर असतात, वर ऊन असतं, आणि लिलीची पानं अजून दोन-चारच असतात. एकपेशीय शेवाळाला यापेक्षा काय हवं? अन्न संपत आलं आणि वर सावली आली की ते आपोआप मरतं. पाणी बदललंत की नळातून ताजी अन्नद्रव्यं आली, माती ढवळली गेली, आणि मोजणी पुन्हा शून्यावर. दर आठवड्याला पाणी बदलणाऱ्याचं पाणी म्हणूनच वर्षभर हिरवं राहतं.

करायचं ते एवढंच. खत बंद. माशांना खाणं बंद. पृष्ठभागाचा साधारण निम्मा ते दोन-तृतीयांश भाग लिलीच्या पानांनी झाकला जाईपर्यंत दुपारी १२ ते ३ टबाच्या अर्ध्या भागावर हिरवी शेडनेट. बाजूला हायड्रिला किंवा व्हॅलिसनेरिया या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींच्या चार जुड्या दगड बांधून सोडा, त्या पाण्यातलं अन्न ओढून घेतात. तीन ते सहा आठवड्यांत एके दिवशी तळ दिसू लागतो.

जलपर्णी आणून टाकू नका. ती काम झटपट करते, पण मग तिलाच आवरत बसावं लागतं आणि उपटलेली जलपर्णी लोक नाल्यात फेकतात. मुळा-मुठेपासून पंचगंगेपर्यंत तिने काय केलंय ते आपण बघतोच.

केसांसारखं लांब तंतुमय शेवाळ वेगळं. ते खडबडीत काठीवर शेवयांसारखं गुंडाळून हाताने काढा. शेवाळ मारणारं औषध टाकू नका: एकदम मेलेलं शेवाळ कुजतं, प्राणवायू संपतो, मासे तरंगतात.

तपासा: कोपरापर्यंत हात बुडवा. तळहात दिसतो का? दिसत असेल तर पाणी ठीक आहे, जरा हिरवट किंवा कोऱ्या चहासारखं तपकिरी असलं तरी.

## टप्पा ९: मासे सगळ्यात शेवटी

मासे शोभेसाठी असोत वा नसोत, डासांसाठी हवेतच. डेंगीचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. महापालिकेचे लोक तपासणीला आले आणि टबात अळ्या सापडल्या तर नोटीस मिळते, आणि ती योग्यच असते.

लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी ११० लिटरला ६ ते ८ गप्पी पुरे. पिशवी वीस मिनिटं टबात तरंगत ठेवा, मग तिच्यात थोडं थोडं टबातलं पाणी घाला, मग सोडा. गप्पी वाढतात, वाटून टाका. मात्र नदीत, विहिरीत, ओढ्यात सोडू नका. तिथल्या देशी माशांचं नुकसान होतं. कोई कार्प आणि मोठे गोल्डफिश लिलीच्या तळ्यात नकोतच, ते घमेलं उकरून काढतात.

मासे सोडेपर्यंतच्या आठवड्यांत काय? टबावर मच्छरदाणीचं कापड बांधा, किंवा बीटीआय नावाचं जिवाणूजन्य अळीनाशक वापरा. ते झाडांना आणि माशांना बाधत नाही. पाण्यावर तेल टाकण्याचा जुना उपाय इथे चालणार नाही.

खाणं घालायचंच असेल तर दोन मिनिटांत संपेल एवढं. उरलेलं खाणं म्हणजे शेवाळाचं खत. निर्माल्याचंही तेच. घरात तळं आहे म्हटलं की कुणीतरी श्रद्धेने हार आणून सोडतं, त्यांना गोड शब्दांत थांबवा.

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमिट करत असतील तर प्राणवायू कमी पडलाय. लगेच तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहा, आणि पाव भाग पाणी मुरवलेल्या पाण्याने बदला. पाणी बदलायच्या मोजक्या खऱ्या कारणांपैकी हे एक.

खंड्या आणि वंचक बगळा या दोघांना तुमच्या तळ्याचा पत्ता लागणारच. काठाशी थोडी जाळी आणि पाण्यात एखादा आडवा मडक्याचा तुकडा लपायला ठेवा.

## टप्पा १०: खत, पाण्याला नव्हे, मुळाला

लिली खादाड आहे. पहिलं खत मात्र पाच-सहा नवी पानं आल्यावरच. त्यानंतर वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा.

हळूहळू विरघळणारं दाणेदार खत, घमेल्याच्या मापाला दोन चहाचे चमचे. वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधा, कोंबापासून चार इंच लांब, मातीत बोटभर खोल खुपसा आणि वरून माती दाबा. पुडी बाहेर आली तर आठवड्यात पाणी हिरवं. हाडांचं खतही अशाच पुडीतून देता येतं, मूठभर, तीन-चार महिन्यांतून एकदा. मासे असलेल्या टबात युरिया आणि डीएपी नकोत, अमोनियाने मासे मरतात.

पानं भरपूर पण फुलं नाहीत? आधी ऊन मोजा, मग गर्दी बघा. खत हा तिसरा संशयित. नवी पानं लहान आणि फिकी येत असतील तेव्हा मात्र भूक हेच कारण.

## टप्पा ११: रोजची पाच मिनिटं

पिवळं पान देठाच्या तळापासून काढा, वरून तोडलेला देठ पाण्यात कुजत राहतो. एक पान काही आठवडेच जगतं, त्यामुळे रोज एखादं पिवळं दिसणं हा रोग नव्हे. फूल तीन-चार दिवस उघडतं-मिटतं आणि मग पाण्यात बुडतं. बुडलं की काढा. देवाला वाहायचं असेल तर पहिल्या दिवशीचं, लांब देठासकट कापा. पहिल्या दिवशी उमललेल्या फुलाच्या मध्यात गोडसर द्रवाचं छोटं तळं असतं, त्यात कधी मधमाशी पडलेली दिसते. दुसऱ्या दिवशी ते सुकतं आणि पुंकेसर मोकळे होतात.

मावा आला, म्हणजे पानांवर काळे-हिरवे ठिपके हलायला लागले, तर पाइपाच्या धारेने पाण्यात पाडा. मासे उरलेलं बघतात. पानाचे लंबगोल तुकडे कापून त्यांचं घर करणारी अळी दिसली तर तरंगणारे तुकडे उचला, अळी आतच असते. पानाच्या मागे जेलीसारख्या अंड्यांच्या पट्ट्या दिसल्या तर नखाने खरवडा, त्या गोगलगायींच्या.

सावधान: कडुनिंबाचं तेलसुद्धा टबात फवारू नका. झाडाला सोसलं तरी माशांना सोसत नाही.

## टप्पा १२: महिन्यांप्रमाणे

फेब्रुवारी-मार्च. वर्षातलं मोठं काम, होळीच्या आधी उरका. पानं एकमेकांवर चढून उभी राहत असतील, घमेलं फुगलं असेल, तर ते बाहेर काढा, कंद सोडवा, नवी माती भरा आणि टप्पा ५ पासून पुन्हा. हार्डी कंदाचे कोंब असलेले चार-पाच इंचांचे तुकडे करा. गोल कंदाच्या बाजूला बारीक कंद सुटलेले असतात, ते वेगळे लावा. टबातलं जुनं पाणी बादल्यांत काढून ठेवा आणि निदान अर्धं तरी परत वापरा. तळाचा गाळ थोडा काढा, घासून लख्ख करू नका.

एप्रिल-मे. फक्त भर घाला, एक-दोन दिवसांआड, सकाळी, पाइप तळाशी सोडून हलक्या धारेने. काठावर पांढरा थर दिसला की क्षार साठलेत. तेव्हा पाव भाग पाणी बदला. नागपूर-अकोल्याकडे दुपारची शेडनेट लावाच. पाणी हाताला कोमट लागत असेल तर मासे संकटात आहेत.

जून ते सप्टेंबर. टबाला काठाच्या इंचभर खाली भोक पाडून त्यावर बारीक जाळी बसवा, नाहीतर मुसळधार पावसात मासे वाहून जातात. गच्चीवरचं पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी टबात येऊ देऊ नका, त्यात वर्षाची धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य दिसत नाही, तेव्हा खत बंद. फुलं कमी झाली म्हणून खत वाढवणं ही पावसाळ्यातली ठरलेली चूक. रिकामे पडलेले टब, झाकणं, घमेली उपडी करा आणि घासून ठेवा. डेंगीच्या डासाची अंडी कोरड्या कडेला महिनोन्महिने टिकतात आणि पाणी मिळालं की फुटतात.

ऑक्टोबर. पाऊस थांबला, ऊन परतलं. महिन्याच्या सुरुवातीला खताची पुडी द्या. बहुतेक ठिकाणी वर्षातली सर्वांत भरघोस फुलं आता किंवा एप्रिलात येतात.

नोव्हेंबर ते जानेवारी. मुंबई-कोकणात फारसा फरक पडत नाही. पुणे, नाशिक, निफाडकडे रात्री गार पडल्या की पानं लहान होतात, फुलं थांबतात. उष्ण प्रदेशातली लिली एखाद-दोन पानांवर येते किंवा पूर्ण गायब होते. कंद मातीत जिवंत असतो. खत देऊ नका, उकरून बघू नका, लावणी बदलू नका. माशांचं खाणं कमी करा. घमेलं विटांवर चढवून उन्हात आणलंत तर थोडी मदत होते. नवा कोंब पाण्यात दिसला, बहुधा फेब्रुवारीच्या मध्यात, की पुडी बांधायला घ्या.